ती पण बोलते!

शनिवारी माझा ‘बघण्याचा कार्यक्रम’ झाला. मुलगा पाऊण तास स्वतःच्या पॅकेजवर बोलला. ‘तू जास्त बोलू नकोस,’ हा आईचा सल्ला मी (चक्क!) पाळला. म्हणूनच असेल, बॉम्बे नाइट फ्रॉगची मादी मला एकदम जवळची वाटली.

बेडकांमध्ये सहसा ओरडतो नर. मादी ऐकते आणि निवडते. सह्याद्रीतल्या या बेडकाची मादी मात्र स्वतःही आवाज देते. बेडकांत हे फार दुर्मीळ. सातारा जिल्ह्यात हुंबरळीला संशोधकांनी २०१० ते २०१२ च्या पावसाळ्यांत ४० रात्री जागून काढल्या आणि २०१६ साली आणखी एक गंमत जाहीर केली. बहुतेक बेडूक मादीला घट्ट मिठी मारतात. हा पठ्ठ्या तिच्या पाठीवर बसतो खरा, पण हात टेकवतो पानावर, नाहीतर फांदीवर. शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि चालता होतो! अंडी ती नंतर घालते, ओढ्यावर झुकलेल्या पानांवर. पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळलेल्या शुक्राणूंनी ती फलित होतात. बेडकांच्या मिठीचे सहा प्रकार माहीत होते, हा सातवा.

रविवारी त्या मुलाला मीच फोन लावला. पहिली दहा मिनिटं मी बोलले.