अंगावरचे यंत्र कोणासाठी?

२०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे रमजान एप्रिल-मेच्या उन्हात आला आणि दोन्ही वेळा कोरोना आपल्या दारात उभा होता. तरावीह घरात झाली, ईदची नमाजही घरातच झाली. पण परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार यांना घरात बसण्याची सोय नव्हती. पुणे, मुंबई, यवतमाळ अशा अनेक ठिकाणी मुस्लिम तरुण पांढरे पीपीई किट चढवून परक्या मयतांना खांदा देत होते. मयत कोणत्या धर्माची हे त्यांनी विचारले नाही. कोणाला कब्रस्तानात नेले, कोणाला स्मशानात. त्यांतले कितीतरी जण सहरी करून निघालेले रोजेदार होते.

त्या किटने जीव वाचवले, हे खरे. पण त्या किटमध्ये माणूस अक्षरशः उकडून निघत होता, हेही तितकेच खरे. विषाणू आत शिरू नये म्हणून किटच्या कापडाला प्लास्टिकचा पातळ थर असतो. जो थर थेंब आत येऊ देत नाही, तोच घामाची वाफ बाहेर जाऊ देत नाही. शिवाय एकदा चढवलेले किट पाळी संपेपर्यंत काढता येत नाही. पाणी पिणे नाही, स्वच्छतागृहात जाणे नाही. रोजा नसलेल्याचाही घसा कोरडा पडायचा, चष्म्यावर वाफ धरायची, चक्कर यायची. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी चुकती करावी, अशी ताकीद आपल्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. घामाची इतकी कदर करणाऱ्या उम्मतीने या घामाचाही विचार करायला हवा.

हा विचार आपल्या पुण्यातल्या एका घरात झाला. डॉ. पूनम कौर आदर्श या पुण्यात कोरोनाच्या रुग्णांवर उपचार करत होत्या. रोज घामाने चिंब होऊन त्या घरी येत. किटच्या आत कसा जीव घुसमटतो, हे त्यांनी मुलाला सांगितले. मुलगा निहाल सिंग आदर्श मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होता. त्याने 'कोव्ह-टेक' नावाचे छोटे यंत्र तयार केले. ते बाहेरची हवा गाळून किटच्या आत सोडते. आतली हवा कोंडून राहत नाही आणि पंख्याखाली बसल्यासारखे वाटते. हवा गाळण्याच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. उल्हास खरुल यांचे मार्गदर्शन मिळाले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. बॅटरी सहा ते आठ तास चालते, म्हणजे एक पाळी निघते. किंमत होती ५,४९९ रुपये.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पहिला नमुना गळ्यात घालायचा होता. वापरून पाहणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की, गळ्याजवळ सतत आवाज आणि थरथर नकोशी होते. मुलाने ते ऐकले, पुन्हा नव्याने आखणी केली आणि यंत्र कमरेच्या पट्ट्यावर आले. जो अंगावर घालणार त्याचे म्हणणे आधी ऐकले, म्हणून यंत्र उपयोगाचे झाले.

असे ऐकणे किती गरजेचे आहे, याचे एक उदाहरण थेट आपल्या घरातले आहे. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच काम करतो. दाढीच्या केसांतून फट राहिली की न गाळलेली हवा सरळ आत जाते. मग दाढी ठेवणाऱ्या कामगाराने काय करायचे? याला उत्तर आहे. कमरेला बॅटरी, पंखा आणि गाळणी बांधून डोक्यावरच्या सैल टोपात स्वच्छ हवा सोडणारे उपकरण मिळते. टोप चेहऱ्याला चिकटवावा लागत नाही, त्यामुळे दाढी आड येत नाही. हे उपकरण महाग असते, म्हणून ते सहसा मोठ्या रुग्णालयांतच दिसते. पण उपाय आहे हे ठाऊक असेल तरच माणूस तो मागू शकतो.

दुसरे यंत्र तर घरोघरी पोहोचले. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. पथके दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजू लागली, आशाताई त्यात आघाडीवर होत्या. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हा लहान मुलांनाही ओळखीचा झाला. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज घेण्याची ही पद्धत जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधली. एप्रिल २०२० मध्ये, ऐन साथीत, त्यांचे निधन झाले.

पण या यंत्रालाही मर्यादा आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, सावळ्या-काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन कमी असूनही यंत्र तो ठीक दाखवते, असे गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडले. नखांवरचा गडद रंग, काळी मेंदी, थंड पडलेली बोटे यांनीही आकडा चुकतो. म्हणून आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना गाठावेच. पण आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवावा.

आतापर्यंतची यंत्रे घालणाऱ्याचा जीव राखणारी होती. साथीत दुसऱ्या जातीची यंत्रेही आली. २०२० मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीने कामगारांच्या मनगटावर असे पट्टे वापरून पाहिले, जे दोन माणसे फार जवळ आली की थरथरून सावध करत. कल्पना चांगली होती. पण कोण कोणाजवळ किती वेळ उभे होते, याची नोंदही अशा पट्ट्यांतून होऊ शकते. सिंगापूरमध्ये संपर्क शोधण्यासाठी लोकांना एक छोटे यंत्र वाटले गेले आणि माहिती फक्त साथीसाठी वापरू, असे सांगण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनेच मान्य केले की, ती पोलिसांनाही तपासासाठी मिळू शकते. लोक नाराज झाले, तेव्हा फक्त गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. आपल्याकडे नागपूर आणि चंदीगडमध्ये सफाई कामगारांच्या हातात जीपीएस घड्याळे आली. घड्याळ आपल्यावर पाळत ठेवते, स्वच्छतागृहातही कोणी आपल्याला पाहत असेल, अशी भीती महिला कामगारांनी बोलून दाखवली. ज्यांना धड हातमोजे मिळत नव्हते, त्यांच्या मनगटावर घड्याळ मात्र आले.

पणदरे, बारामती, इंदापूरच्या औद्योगिक वसाहतींत आपली मुले-मुली पाळीवर जातात. साथीत फाटकावर कपाळाला थर्मामीटरची बंदूक लावून घेऊनच त्यांना आत जाता येत होते. उद्या पुन्हा अशी वेळ आली, तर फाटकावर एखादा पट्टा हातात दिला जाईल. तो नाकारावा असे मुळीच नाही. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही आपली शिकवण आहे. साथीच्या गावात जाऊ नका आणि तेथून बाहेर पडू नका, हा नियमही आपल्याला हदीसमधून मिळाला आहे. खबरदारी आपल्याला परकी नाही.

पण पट्टा बांधण्यापूर्वी चार प्रश्न अदबीने विचारावेत. हे यंत्र माझे रक्षण करते, की फक्त माझी हजेरी घेते? यातली माहिती कोण पाहणार आणि ती किती दिवसांनी पुसली जाणार? जेवताना, स्वच्छतागृहात, वुजू करताना ते काढता येईल ना? बॅटरी संपली म्हणून पगार तर कापला जाणार नाही? हे प्रश्न एकट्याने विचारले तर उद्धटपणा वाटतो, सर्वांनी मिळून विचारले तर तो करार होतो. आपल्यापैकी ज्यांचा स्वतःचा कारखाना, दवाखाना किंवा दुकान आहे, त्यांनी तर कामगाराने विचारण्याची वाट पाहू नये. कामगाराच्या शरीराची माहिती ही आपल्या हाती आलेली अमानत आहे. तिचा हिशेब द्यावा लागेल.

साथीच्या काळात या लोकांसाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. तरी जून २०२१ मध्ये राज्यातील आशाताईंना मानधनासाठी संपावर जावे लागले. म्हणून पुढच्या वेळी टाळ्यांआधी मापाचे किट, खेळती हवा, पाण्याची सुट्टी आणि वेळेवर पगार यांची तजवीज व्हावी. जे इतरांचा जीव वाचवायला उभे राहिले त्यांना अल्लाह उत्तम मोबदला देवो, आणि जे त्या सेवेत गेले त्यांना मगफिरत लाभो. आमीन.