डोक्यावर घालायचा वारा

दर्यावर्दी लोकांच्या इंग्रजी गोष्टी वाचताना कधीतरी असं वाक्य भेटतं : कप्तानाने सौवेस्टर डोक्यावर चढवला आणि तो डेकवर धावला. शब्द अडला म्हणून शब्दकोश उघडावा, तर एक अर्थ सापडतो, ‘नैर्ऋत्येकडून येणारा जोराचा वारा’! आता वारा कुणी डोक्यावर चढवतं का? घाबरू नका, तिथेच दुसराही अर्थ दिलेला असतो : खलाशांची पावसाळी टोपी.

मूळ शब्द ‘साउथवेस्टर’. त्यातला ‘थ’ खलाशांनी गिळून टाकला. वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला मिळतं, जिकडे जातो तिकडचं नाही. (परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट!) ब्रिटनच्या नैर्ऋत्येला अटलांटिक महासागर पसरलेला आहे. तिकडचा वारा बाष्प घेऊनच येतो. म्हणून सौवेस्टर सुटला की खलाशी ओळखायचे, आता भिजायची पाळी. त्या वाऱ्यापावसात घालायची टोपी, तीही सौवेस्टरच झाली. नॉर्वेतही तिचं नाव ‘नैर्ऋत्य’ याच अर्थाचं आहे. आणि आपला जूनमधला पाऊस? तोही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचाच!

या टोपीची घडण मोठी हुशारीची. पुढची कड आखूड, म्हणजे समोरचं दिसतं. ती वर दुमडली की पन्हळच तयार होते. मागची कड मात्र कौलारू घराच्या वळचणीसारखी लांब. टोपीवरचं पाणी कोटाच्या कॉलरच्या बाहेर पडतं, मानेतून आत शिरत नाही. कोकणात भातलावणीला घेतात ते इरलं आठवा. वाकलेल्या माणसाची पाठ झाकायला तेही मागे लांबच असतं. पण तिकडचं पाणी बर्फासारखं गार. ते पाठीवरून ओघळलं की अंगातली ऊब जाते, बोटं बधिर होतात. लाटांनी निसरड्या झालेल्या डेकवर बधिर बोटांतून दोर सुटला, तर माणूस थेट समुद्रात! म्हणून कान झाकायला पट्ट्या आणि हनुवटीखाली घट्ट बांधायला बंद.

प्लॅस्टिक नव्हतं तेव्हा जाड कापडाला जवसाचं तेल चोळून वाळवत. पुन्हा चोळायचं, पुन्हा वाळवायचं. कापड पिवळसर होई, चिकट होई, वासही मारी. पण पाणी आत येऊ देत नसे. नॉर्वेतल्या मॉस गावी हेली युएल हान्सेन नावाच्या कप्तानाने आणि त्याच्या पत्नीने १८७७ साली असे कपडे बनवायचा धंदाच सुरू केला. पुढे रबर आलं, प्लॅस्टिक आलं, तरी या टोपीचा पिवळा रंग टिकून राहिला.

अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदरात एक पुतळा आहे, १९२५ सालचा. दोन्ही हातांनी सुकाणूचं चाक धरून एक कोळी वाकून उभा आहे, नजर समोर लागलेली. समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या तिथल्या हजारो कोळ्यांचं ते स्मारक. त्या कोळ्याच्या डोक्यावर सौवेस्टर आहे.