बोटीत पाय ठेवण्याआधी

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट एके काळी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजी गाठायची. तो प्रवास गरजेपोटी व्हायचा. आता त्याच मुंबई बंदरातून माणसं निव्वळ सुट्टी घालवायला समुद्रावर जातात. २०२१च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या सफरी करू लागली. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअरवरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिथे एका वेळी पाच बोटी लागाव्यात आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांनी ये-जा करावी, अशी आखणी आहे. सिंगापूर, भूमध्य समुद्र, नॉर्वे, अलास्का इथल्या सफरींच्या जाहिरातीही मराठी वर्तमानपत्रांत नेहमीच्या झाल्या आहेत.

तीन पिढ्या एकत्र निघणाऱ्या आपल्या कुटुंबांना सहलीची ही तऱ्हा फार सोयीची आहे. बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलायचं नाही, पहाटेची बस पकडायची नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना डेकवर निवांत बसता येतं आणि नातवंडं पोहण्याच्या तलावात डुंबत असतात. पण तयारीत चूक झाली, तर मोठा खर्च करून माणसं हिरमुसून परततात. या चुकांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असतं. लोक बोटीचे फोटो बघून बुकिंग करतात आणि मार्गाचा तक्ता वाचत नाहीत. कोणत्या दिवशी कोणतं बंदर, बोट किती वाजता लागणार, किती वाजता सुटणार, एवढाच मजकूर त्या तक्त्यात असतो. खरी सहल मात्र तिथेच ठरलेली असते.

तक्त्यावर ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण रोमला समुद्र नाही. बोट लागते चिवितावेक्कियाला आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, सुमारे नव्वद किलोमीटर अलीकडे. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकच्या किनाऱ्यावरचं वार्नम्युंडे, ते दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. ‘बँगकॉक’ म्हणजे लाएम चाबांग, तेही शंभराहून अधिक किलोमीटरवर. बोट सकाळी सातला लागून संध्याकाळी सातला सुटणार असेल, तर बारा तास मिळाले असं वाटतं. त्यातून उतरण्याच्या रांगा, जाण्या-येण्याचा प्रवास आणि सुटण्याआधी परत चढण्याची सक्तीची वेळ वजा करा. रोमसाठी हातात सहा-सात तास उरतात. व्हॅटिकन आणि कलोसियम दोन्ही नीट बघायचं म्हटलं, तर तेवढ्यात होत नाही. एकच निवडावं आणि मनापासून बघावं.

बोट कुणासाठी थांबत नाही. कंपनीने विकलेल्या किनाऱ्यावरच्या सहलीची बस अडकली, तर त्या प्रवाशांची सोय कंपनी करते. स्वतःची टॅक्सी ठरवून गेलेल्यांना मात्र पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून शहर लांब असेल तिथे कंपनीची सहल महाग वाटली तरी घ्यावी. शहर जवळ असेल तिथे आपलं आपण फिरावं. पिरेयसहून अथेन्सला मेट्रो जाते, आणि माँटेनेग्रोतल्या कोटोरला तर जुन्या गावाची तटबंदी बंदरासमोरच उभी आहे. अशा ठिकाणी बसभर माणसांबरोबर हिंडण्यात पैसे घालवू नयेत. खाली उतरताना बोटीवरचं घड्याळ आणि स्थानिक वेळ एकच आहे ना, हेही विचारून घ्यावं. परतायचं ते बोटीच्या वेळेनुसार.

काही ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नाही. कोकणात अनेक बंदरांवर आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. ग्रीसच्या सँटोरिनीला आजही तसंच आहे. ज्वालामुखीच्या विवरात भरलेल्या समुद्रात बोटी उभ्या राहतात, छोट्या होड्या माणसांना कड्याच्या पायथ्याशी आणतात आणि वरच्या फिरा गावात जायला रोपवे, खेचरं किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या एवढेच मार्ग आहेत. चार-पाच मोठ्या बोटी एकाच दिवशी आल्या की रोपवेची रांग दुपार खाऊन टाकते. लक्षद्वीपलाही होडीतूनच उतरावं लागतं. समुद्र खवळलेला असला तर कप्तान उतरणं रद्द करतो आणि तो निर्णय निमूटपणे मानावा. ज्यांना चालायला त्रास होतो, चाकाची खुर्ची लागते, त्यांच्यासाठी होडीने उतरायची बंदरं असलेला मार्ग घेऊ नये. हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा.

व्हेनिसच्या सफरीतही बोट नेमकी कुठे लागते, हे आधीच विचारावं. २०२१च्या ऑगस्टपासून मोठ्या बोटींना सॅन मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. बऱ्याच बोटी आता राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. जाहिरातीत त्या चौकासमोरून जाणाऱ्या बोटीचा जुना फोटो बघून कुणी पैसे भरू नयेत.

हंगामाचं गणित सोपं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सहलीच्या बोटी सहसा चालत नाहीत. कोकणची आगबोटही तेव्हा बंद असायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अरबी समुद्राचा तुलनेने शांत काळ. अलास्का आणि नॉर्वेचा हंगाम मे ते सप्टेंबर. आपल्या उन्हाळी सुट्टीला तो मे महिन्यात जेमतेम जुळतो, पण नॉर्वेतला मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर जून-जुलै गाठलेला बरा. कॅरिबियनमध्ये वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी त्यात सापडते. सिंगापूरहून मात्र वर्षभर बोटी सुटतात.

व्हिसाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून इथे थोडं थांबतो. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेतला जाऊन परत सिंगापूरला आलात, तर सिंगापूरमध्ये तुमचा प्रवेश दोनदा होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे चालत नाही. ग्रीक बेटांच्या सफरीत बोट तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाणार असेल, तर ती युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत येते. तिथेही अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा आणि तुर्कस्तानचा नियम वेगळा तपासायला हवा. अलास्काचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. सिएटलहून अलास्का म्हणजे अमेरिकेतून अमेरिकेत, मग कॅनडाच्या व्हिसाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या बोटीने अमेरिकेतल्याच बंदरांदरम्यान प्रवासी नेताना मध्ये परदेशातल्या बंदराला थांबलं पाहिजे, असा त्याचा परिणाम होतो. बहुतेक मोठ्या बोटी परदेशी झेंड्याच्याच असतात. त्यामुळे त्या कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदरावर काही तास थांबतात, आणि भारतीय पासपोर्टधारकाला दोन्ही देशांचे व्हिसा काढावे लागतात. कागद अपुरे असले की चेक-इनच्या काउंटरवरूनच परत पाठवतात आणि भाडं बुडतं. मार्गातल्या प्रत्येक देशासाठी कोणता व्हिसा लागेल, हे एजंटकडून लेखी घ्या. लक्षद्वीपला व्हिसा नसला तरी प्रवेशाचा परवाना लागतो. कंपनी तो काढून देणार की तुम्ही काढायचा, तेही विचारा.

आता पैसे. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं धरून काढलेलं असतं. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. त्यावर बंदर शुल्क आणि कर. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा कर, आकारला जातो; तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना हिशेबात धरता येतो, पण आधी खिशातून जातोच. मुख्य जेवणघरातलं आणि बुफेचं खाणं भाड्यात असतं. मद्य, शीतपेयं, खास रेस्टॉरंट, वाय-फाय, स्पा, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख चालत नाही. केबिनचं कार्ड दाखवायचं आणि शेवटच्या दिवशी बिल यायचं. रोज संध्याकाळी ते बिल बघायची सवय ठेवावी.

शिवाय टिप असते. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या माणशी दर दिवशी १५ ते २० डॉलर आपोआप लावतात. चौघांच्या सात रात्रींचे ४२० ते ५६० डॉलर होतात. काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करून घेण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो मला अजिबात पटत नाही. रोज केबिन आवरणारा आणि मुलांना ताटात काय आवडतं हे दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवणारा माणूस महिनोन्‌महिने घरापासून दूर असतो. अशा कर्मचाऱ्यांत गोव्याचे आणि कोकणातले कितीतरी तरुण आहेत. ही रक्कम पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरावी आणि द्यावी.

केबिनसाठी एकच नियम सगळीकडे लावू नये. मुंबई-गोवा दोन रात्रींच्या सफरीत साधी खिडकीची केबिन पुरते, कारण तुम्ही तिथे झोपण्यापुरतेच असता. अलास्का किंवा नॉर्वेला मात्र बाल्कनी घ्यावी. हिमनद्या आणि फ्योर्ड (कड्यांमधल्या खोल खाड्या) बोटीवरूनच बघायचे असतात आणि बाहेर बोचरी थंडी असते. डेकचा नकाशा मागून घ्या. समोर जीवरक्षक बोट टांगलेली असेल तर खिडकी नावापुरतीच राहते. तलावाच्या खालच्या किंवा नाट्यगृहाच्या वरच्या केबिनमध्ये झोप लागत नाही. ज्येष्ठ बरोबर असतील तर लिफ्टजवळची केबिन मागा. मोठ्या बोटीच्या लांबच लांब बोळांतून चालून माणूस दमतो. रॉयल कॅरिबियनची २०२४ साली सेवेत आलेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ वीस डेकची आहे. अशा बोटीवर तर हा विचार आधीच करायला हवा.

बोट लागण्याची भीती अनेकांना असते. केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, या विसंवादातून मळमळ सुरू होते. आताच्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यामुळे डुलणं बरंच कमी होतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी खालच्या डेकवरची, बोटीच्या मध्यभागातली केबिन घ्यावी. तिथे हालचाल सर्वांत कमी असते. डॉक्टरांना विचारून गोळी मळमळ सुरू होण्याआधीच घ्यावी. आलेपाक जवळ असावाच. उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे नजर लावली तरी बरं वाटतं.

सामानाबद्दल दोनच गोष्टी आग्रहाने सांगतो. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून पासपोर्ट, रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, मुलांचे कपडे आणि पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत ठेवा. दुसरं म्हणजे इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, पणती यांपैकी काहीही नेऊ नका. समुद्रावर सर्वांत मोठं भय आगीचं असतं आणि या वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात. दिवाळी बोटीवर करायची असेल तर बॅटरीचे दिवे न्या. पाकीटबंद चिवडा, चकली बऱ्याच ठिकाणी चालते, पण बंदरावर उतरताना खाण्याचे पदार्थ बरोबर घेऊ नका, अनेक देशांचे नियम कडक आहेत. जैन जेवण किंवा कांदा-लसणाशिवायचं जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा.

बोटीवर दवाखाना असतो, पण तिथले दर जबर असतात. विमा घेताना भर समुद्रातून हलवून रुग्णालयात नेण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचा. बहुतेक कंपन्या चोवीसाव्या आठवड्यात गेलेल्या गर्भवतीला घेत नाहीत आणि सहा महिन्यांपेक्षा लहान बाळालाही नाही. फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर तो बोटीच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जाऊन भलतं बिल येतं. परदेशातून बोट पकडायची असेल तर आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबणार नाही.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षा कवायतीचं. ती चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ ही प्रवासी बोट खडकाला धडकली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाने ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. २०१५पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याची सूचना, हे मुलांनाही सांगून ठेवा. आपलं जमण्याचं ठिकाण केबिनपासून एकदा पायी जाऊन बघा.

पहिल्यांदाच जात असाल तर मुंबईहून दोन-तीन रात्रींची सफर करा. बोट लागते का, घरातल्या कुणाला किती चालवतं, मुलं कुठे रमतात, हे कमी खर्चात कळतं. मग परदेशी सात रात्रींचा विचार करा. आणि बेत पक्का करण्याआधी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट उघडून बघा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिन्यांची मुदत उरत नसेल, तर आधी नूतनीकरणाचा अर्ज भरा आणि मगच बोटीचे पैसे भरा.