उष्णता चुंबकत्व मारते की तारते?

लोहार कोयता घडवतो तेव्हा नुसते ठोकून त्याचे काम संपत नाही. पाते लालभडक तापवून तो ते पाण्यात बुडवतो. यालाच पात्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पोलाद तेच, वजनही तेच. पण पाणी दिलेले पाते कठीण होते आणि तेच पुन्हा तापवून सावकाश थंड होऊ दिले तर मऊ पडते. म्हणजे धातूचे गुण तो कशाचा बनला आहे एवढ्यावरच ठरत नाहीत. त्यातील अणू कसे बसले आहेत यावरही ठरतात. आणि ही बैठक बदलण्याचे साधन म्हणजे उष्णता.

आता चुंबकाकडे वळू. चुंबक खूप तापवला की त्याचे चुंबकत्व जाते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. लोखंडाचे लोहचुंबकत्व ७७०° से. तापमानाला नाहीसे होते. या तापमानाला पिएर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘क्यूरी तापमान’ म्हणतात. मग ‘भट्टीत तापवल्यामुळेच हा चुंबक तयार झाला’ असे कोणी सांगितले तर? लोखंड आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूच्या अतिसूक्ष्म कणांत नेमके असेच घडते. कसे ते पाहू.

दिशा न धरणारे चुंबक

२००० साली आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या शौहेंग सन, ख्रिस्तोफर मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक पद्धतीने लोखंड-प्लॅटिनमचे जवळजवळ एकसारख्या आकाराचे कण बनवले. कणाचा व्यास सुमारे ४ नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा कणात अवघे अडीच हजारांच्या आसपास अणू मावतात! कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थांचा लेप होता. हे आम्ल आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही संयुगाच्या रूपाने असते.

हे ताजे कण चुंबकासारखे टिकाव धरत नव्हते. प्रत्येक कण हा एक छोटा चुंबक असतो खरा, पण त्याचा उत्तर ध्रुव क्षणात इकडे तर क्षणात तिकडे. असे का व्हावे?

चुंबकाला आपली दिशा धरून ठेवण्याचा एक हट्ट असतो. हा हट्ट पदार्थाच्या जातीवर आणि कणाच्या आकारमानावर अवलंबून असतो. उलट, भोवतालची उष्णता कणाला सतत धक्के देत असते. कण जितका लहान तितका त्याचा एकूण हट्ट कमी, पण धक्के मात्र तेवढेच. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्ये याची उपपत्ती मांडली. चुंबकत्वावरील कार्याबद्दल त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

थोडा हिशेब करू. ४ नॅनोमीटर व्यासाच्या शुद्ध लोखंडाच्या कणाची दिशा उलटवायला लागणारी ऊर्जा नेहमीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या निम्मीसुद्धा नसते. आणि दिशा दहा वर्षे टिकायची, तर ही ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या निदान चाळीस पट हवी!

भट्टीत काय होते?

ताज्या कणांत लोखंडाचे आणि प्लॅटिनमचे अणू घनाकृती जालकात कसेही मिसळून बसलेले असतात. संमेलनात दोन शाळांची मुले वाटेल तशी बसावीत, तसे. कण ५००° से. च्या वर तापवले की अणूंना जागा बदलण्याइतकी ऊर्जा मिळते. मग एक थर लोखंडाचा, त्यावर एक थर प्लॅटिनमचा, अशी शिस्त लागते. जालकाचा घन एका दिशेने किंचित दबतो. दोन बाजू ०.३८५ नॅनोमीटर, तर तिसरी ०.३७१. या थरांच्या रचनेमुळे आणि प्लॅटिनमच्या जड अणूंमुळे चुंबकत्वाला एकच दिशा प्रिय होते. हट्ट लोखंडाच्या शंभर पटींहून अधिक वाढतो आणि दिशा उलटवायची ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या पन्नास पटींच्या पुढे जाते.

यातली गंमत ध्यानात घ्या. या मिश्रधातूचे क्यूरी तापमान सुमारे ४८०° से. आहे. म्हणजे भट्टीत असताना हे कण चुंबक नसतातच! उष्णता तिथे चुंबकत्व मारतेच. पण त्याच वेळी अणूंची बैठक सुधारते. कण थंड झाल्यावर चुंबकत्व परत येते, आणि सुधारलेली बैठक कायम राहते.

अणू कसे शिस्तीत येतात ते घरीही पाहता येईल. सायकलचे एकसारखे छर्रे ताटलीत एका थरात पसरा, ताटली किंचित तिरकी धरा आणि कडेला हलक्या टिचक्या मारा. छर्रे हळूहळू नीट रांगांत बसतात. जोरात हलवलीत तर पुन्हा विस्कटतात. टिचक्या म्हणजे माफक उष्णता, हे समजून घ्या.

मिठाची युक्ती

मात्र तापवण्यात एक अडचण होती. कणांवरचा लेप भट्टीत टिकत नाही आणि कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. मग सूक्ष्म कण बनवून काय मिळवले? यावर २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेतील टेक्सस राज्यात आर्लिंग्टन येथील संशोधकांनी साधा उपाय वापरला. कण बारीक दळलेल्या मिठात मिसळायचे, मिठाचे प्रमाण कणांच्या कितीतरी पट ठेवायचे आणि मग तापवायचे. मीठ ८०१° से. पर्यंत वितळत नाही, त्यामुळे ७००° से. लाही ते कणांना वेगळे ठेवते. थंड झाल्यावर मिश्रण पाण्यात टाकले की मीठ विरघळते आणि कण हाती येतात.

या मिश्रधातूचा उपयोग आज माहिती साठवण्यासाठी होतो. सीगेट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये ३० टेराबाइटहून अधिक क्षमतेच्या संगणक-तबकड्या जाहीर केल्या. त्यांतील थरात लोखंड-प्लॅटिनमचेच सूक्ष्म दाणे असतात. ते द्रावणात बनवत नाहीत, निर्वातात तबकडीवर बसवतात, एवढाच फरक. हे दाणे इतके हट्टी की, त्यांच्यावर लिहिणेच अवघड! म्हणून लेसरने एक ठिपका क्षणभर क्यूरी तापमानाजवळ तापवतात, तेवढ्यात दिशा बदलतात, आणि तो लगेच थंड होतो. इथे पुन्हा उष्णताच कामाला येते.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. ४ नॅनोमीटरच्या शिस्तबद्ध कणासाठी ही ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या ५६ पट धरा. कणाचा व्यास निम्मा केला तर ती किती पट उरेल? आणि असा कण दहा वर्षे आपली दिशा धरून राहील काय? गोलाच्या आकारमानाचे सूत्र आठवा, उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.