पंख्याचा आवाज आणि बेअरिंगचं अनुमान

मागच्या खेपेला आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं की डोंगर, धूर आणि अग्नी हे समजलं, पण डोंगरावर धूर पाहायला आम्ही जातो कधी? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. उदाहरण एका जुन्या स्पोर्ट्स कारचं आहे, तेव्हा थोडं तेल-ग्रीस हाताला लागेल. चालवून घ्या.

आमचा एक जुना विद्यार्थी जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे १९८६ सालची पोर्शे ९११ करेरा आहे, ३.२ लिटरची. या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला आणि हवेने थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. आपल्या बजाज चेतकला फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती असत आणि पत्र्याच्या आवरणातून हवा सिलिंडरवर ढकलली जाई, ते आठवा. तत्त्व तेच. इथे सहा सिलिंडर आहेत, म्हणून पंखाही मोठा आणि तो एका पट्ट्याने फिरतो. पंखा बसवलेला असतो अल्टरनेटरच्या शाफ्टवर. म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र आणि इंजिन गार ठेवणारा पंखा यांचा शाफ्ट एक, पट्टा एक आणि बेअरिंगही तीच. पंख्याचं बेअरिंग गेलं असं लोक म्हणतात, तेव्हा या गाडीत खरं तर अल्टरनेटरचं बेअरिंग गेलेलं असतं.

तर या गाडीतून घरघर यायला लागली. वेग वाढवला की आवाज वाढायचा. एका गॅरेजवाल्याने ऐकून सांगितलं की टायमिंग चेनच्या बाजूचा आवाज दिसतोय, इंजिन बाहेर काढून उघडावं लागेल. अशा इंजिनाचं काम म्हणजे हजारो युरोंचा खर्च. आणि नुसतं दुर्लक्ष करावं, तर दुसरी भीती. आवाज बेअरिंगचा असेल आणि ते एक दिवस जाम झालं, तर पट्टा तुटणार, पंखा थांबणार, आणि भर रस्त्यात इंजिन काही मिनिटांत भाजून निघणार. उगीच उघडलं तरी नुकसान, न उघडलं तरी नुकसान. ज्ञान पक्कं हवं ते अशा वेळी.

आता गॅरेजवाल्याचं अनुमान तपासू. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, हा त्याचा हेतू. पण इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फिरणाऱ्या वस्तू किती आहेत? चेन आहे, पट्टा आहे, पंखा आहे, एसी असेल तर त्याचा कॉम्प्रेसर आहे. या सगळ्यांचा आवाज वेगाबरोबर वाढणारच. जो हेतू साध्य असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. हा हेत्वाभास आहे. गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता बरं का, त्याचा हेतू फक्त कच्चा होता. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकण्याची जुनी युक्तीही एकटी पुरत नाही, कारण आवाज धातूतून लांबवर जातो. जिथे मोठा ऐकू आला तिथेच उगम, असं नाही.

मग उपाय कोणता? अन्वय आणि व्यतिरेक. पट्टा असताना आवाज आहे, हा अन्वय. पट्टा काढल्यावर आवाज आहे की नाही, हे बघायचं, तो व्यतिरेक. पट्टा काढून इंजिन सुरू करायचं म्हणजे पंख्याविना सुरू करायचं. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना पंधरा-वीस सेकंद, त्याहून जास्त नाही. आमच्या विद्यार्थ्याने तसं केलं. घरघर बंद. चेन तर फिरतच होती! म्हणजे चेन सुटली. एसीच्या कॉम्प्रेसरला या गाडीत पट्टा वेगळा असतो, म्हणजे तोही सुटला.

पण अजून बेअरिंग सिद्ध झालेलं नाही. घाई करू नका. उरले तीन संशयित: पट्टा स्वतः, पंख्याची पाती आवरणाला घासणं, आणि बेअरिंग. इथे शेषवत् अनुमान, म्हणजे एकेक वगळत जाणं. गुळगुळीत झालेला पट्टा किंचाळतो, घरघरत नाही, आणि हा पट्टा ठीक होता. पाती घासत असती तर आवरणाच्या आत चकचकीत कडं उमटलं असतं, ते नव्हतं. मग पट्टा काढलेला असतानाच पंखा हाताने सावकाश फिरवला. चांगलं बेअरिंग तुपासारखं फिरतं. इथे बोटांना खडखड लागली, वाळूत फिरवल्यासारखी, आणि पंख्याची कड पुढे-मागे हलवली तर किंचित खेळही जाणवला. आता बोला.

काम कसं झालं ते सांगतो, कारण त्यातही काही मुद्दे आहेत. आधी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडायची. अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते, तिला पाना टेकला तर ठिणग्या उडतात. मग पुलीचा नट. पुली दोन अर्ध्या तबकड्यांची असते आणि मधे पातळ चकत्या, म्हणजे शिम. मधली एक चकती काढली की तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि ताण वाढतो. मधून काढलेली चकती फेकायची नाही, तबकडीच्या बाहेरच्या बाजूला त्याच शाफ्टवर ठेवायची. पुढच्या वेळी ती हाताशीच असते. आम्हाला ही योजना फार आवडली.

त्यानंतर पंख्याच्या आवरणाचा पट्टीसारखा क्लॅम्प सोडून सगळा जोड मागे ओढायचा, तारांचे फोटो काढायचे आणि मगच तारा सोडायच्या. पंखा शाफ्टवरून काढताना पुलर मधल्या भागाला लावायचा. पाती हलक्या धातूची आणि तोललेली असतात. त्यांना धरून ओढलं तर तडा जातो. शाफ्टवरची छोटी अर्धचंद्राकृती की लगेच डबीत टाकायची.

अल्टरनेटर उघडला की दोन बेअरिंगं दिसतात. पुढचं मोठं, पंख्याचा आणि पट्ट्याचा भार घेणारं, मागचं लहान. दोन्ही बदलावीत, कारण पुन्हा एवढी उघडाउघड कोण करणार? माप जुन्या बेअरिंगवर कोरलेलं असतं. समजा ६२०३ लिहिलंय, तर आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० मिमी, रुंदी १२ मिमी. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणायचं, म्हणजे भोक मिळतं. नकली बेअरिंगं बाजारात ढिगाने आहेत. इथे शंभर-दोनशे वाचवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बसवताना एकच नियम: दाब छर्ऱ्यांमधून जाता कामा नये. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्याला दाबायचं, घरात बसवताना बाहेरच्या कड्याला. उलटं केलं तर छर्ऱ्यांचे ठसे कड्यांवर उमटतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. अ‍ॅल्युमिनियमचं घर जरा तापवलं तर काम सोपं होतं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ४० मिमीचं भोक ८० अंशांनी तापवलं की सुमारे ०.०७ मिमी मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण बेअरिंग तेवढ्यात अलगद आत सरकतं.

एक फाटा सांगून टाकतो. या गाडीत पट्टा तुटला की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो, कारण अल्टरनेटरही थांबतो. जाणकार चालक त्या दिव्यावरून पंखा थांबल्याचं अनुमान करतो आणि गाडी तिथल्या तिथे बंद करतो. पुढच्या ९६४ मॉडेलमध्ये पंख्याला आणि अल्टरनेटरला वेगवेगळे पट्टे दिले. झालं! दिवा आणि पंखा यांची व्याप्तीच तुटली. म्हणून कंपनीला पंख्याच्या पट्ट्यावर वेगळा स्विच बसवावा लागला. व्याप्ती यंत्राच्या रचनेवर अवलंबून असते, रचना बदलली की जुना हेतू निकामी होतो.

जोडणी झाल्यावर अंगठ्याने दाबून पट्ट्याचा ताण पाहिला, थोडा लवायला हवा, फार नको. नवा पट्टा सुरुवातीला ताणतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा तपासायचा. गाडी सुरू केली. घरघर नव्हती.

मग आम्ही जुनं पुढचं बेअरिंग फोडून पाहिलं. ग्रीस वाळून तपकिरी झालेलं. बाहेरच्या कड्याची वरची बाजू बऱ्यापैकी गुळगुळीत, आणि खालच्या बाजूला खड्डे पडलेले. बाहेरचं कडं फिरत नाही, आणि पट्टा शाफ्टला कायम खाली, क्रँकच्या दिशेला ओढतो. सगळा भार वर्षानुवर्षं त्याच एका जागी आलेला होता.