मूल बोलत का नाही?

एखादे मूल दोन वर्षांचे होते, तरी बोलत नाही. लोक म्हणतात, "काही मुले उशिराच बोलतात. थोडे थांबा." आई-वडील थांबतात. पण पुष्कळदा मुलाच्या जिभेत किंवा गळ्यात काहीच दोष नसतो. दोष असतो कानात!

तुम्ही उर्दू बोलायला कसे शिकलात? पुस्तक वाचून नव्हे. अम्मी, अब्बा, दादी यांचे बोलणे हजारो वेळा तुमच्या कानांवर पडले. मगच तुमच्या तोंडून पहिला शब्द निघाला. बहिरे बाळसुद्धा पहिले काही महिने इतर बाळांसारखेच आवाज काढते. पुढची बडबड मात्र उशिरा येते किंवा येतच नाही. लोक अशा मुलाला 'मुका' म्हणतात, ते बरोबर नाही.

म्हणून बाळाचे कान पहिल्या महिन्यातच तपासावेत, असे डॉक्टर सांगतात. बाळ झोपलेले असतानाही ही तपासणी होते. ती दुखत नाही. दोष आढळला, तर सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र लावावे. काही मुलांच्या कानात शस्त्रक्रिया करून दुसरे यंत्र बसवावे लागते.

यंत्र लावले, की मूल लगेच बोलू लागते का? नाही. यंत्र आईचा आवाज मोठा करते, तशी पंख्याची घरघरही मोठी करते. त्यातून शब्द ओळखायला मुलाला शिकवावे लागते.

ओठ पाहून सगळे समजेल, असे तुम्हांला वाटेल. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात! मग शिक्षक युक्ती करतात. ते मुलाचे बोट आपल्या नाकावर ठेवतात. 'मामा' म्हणताना नाकात कंप जाणवतो, 'बाबा' म्हणताना जाणवत नाही. 'फूल' म्हणताना तोंडासमोर धरलेला कागदाचा कपटा हलतो, 'मूल' म्हणताना हलत नाही.

घरच्यांनी मुलाच्या समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून बोलावे. ओरडू नये, ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. नुसते 'पाणी' न म्हणता 'पाणी थंड आहे, पी' असे पूर्ण वाक्य म्हणावे. घरची भाषा उर्दू असेल, तर उर्दूतच बोलावे. काही मुलांना खुणांची भाषा अधिक सोपी जाते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती शिकल्याने मुलाचे नुकसान होत नाही. पण कोणतीच भाषा न मिळता वर्षे गेली, तर ती भरून काढणे फार कठीण होते.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. या संस्थेत मुलांचे कान तपासतात आणि मुलांशी घरी कसे बोलावे, हे आई-वडिलांनाही शिकवतात.