गोळ्या किती दिवस? – औदासीन्य उलटण्याचा प्रश्न

औदासीन्य, म्हणजे रूढ शब्दांत डिप्रेशन, या विकारावर उपचार घेणारा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास विचारतो : "डॉक्टर, या गोळ्या आणखी किती दिवस?" गोव्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करताना मला याचे उत्तर जवळजवळ रोज द्यावे लागते. रुग्णाने विचारले तर मला बरेच वाटते. कारण न विचारणारा रुग्ण उत्तर स्वतःच ठरवून मोकळा होतो. झोप लागू लागली, भूक सुधारली, कामावर रुजू झाला, की दीड-दोन महिन्यांत गोळ्या कपाटात पडून राहतात. घरच्यांचा आग्रहही त्याच दिशेने असतो : "आता बरी आहेस ना, मग कशाला सवय लावून घेतेस?"

पूर्वी घराघरांत 'विषमज्वर उलटला' असे म्हणत. ताप उतरला तरी आजार गेलेला नसे, हे त्या एका क्रियापदात सामावलेले होते. औदासीन्यालाही ते तंतोतंत लागू पडते. लक्षणे ओसरल्यानंतरचे काही महिने तोच आजार आत धुमसत असतो. या काळात तो परतला तर 'उलटला' म्हणावे. दीर्घकाळ पूर्ण बरे राहिल्यावर तो आला, तर ती नवी खेप. पहिली खेप आलेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांना आयुष्यात कधीतरी दुसरी येते, आणि प्रत्येक खेपेगणिक पुढचीची शक्यता वाढते.

म्हणून पहिल्या खेपेत लक्षणे पूर्ण गेल्यापासून किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ही मोजणी पहिल्या गोळीपासून करायची नाही, बरे वाटू लागल्यापासून करायची. डोसही तोच ठेवावा. बरे वाटताच अर्धा करू नये. दोन-तीन खेपा होऊन गेल्या असतील, काही लक्षणे रेंगाळत असतील किंवा आत्महत्येचा प्रयत्न झालेला असेल, तर मुदत दोन वर्षे किंवा अधिक. ज्यांना पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे, त्यांचे गणित मात्र सर्वस्वी वेगळे आहे.

यामागे पुरावा काय? 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये 31 चाचण्यांचा, सुमारे 4,400 रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध थांबवून निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी 41 टक्के रुग्णांत आजार परतला. औषध चालू असलेल्यांत 18 टक्के. 2021 साली ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांकडच्या 478 रुग्णांवरील चाचणीने हे चित्र अधिक वास्तव केले. दीर्घकाळ औषध घेणारे, आता थांबवावे असे वाटण्याइतके बरे असलेले हे लोक. वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी 56 टक्क्यांना, तर चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना आजाराने पुन्हा गाठले. या आकड्यांचा एकच अर्धा भाग सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. औषध संरक्षण देते, पण अभेद्य कवच नाही. आणि थांबवलेल्यांपैकी 44 टक्के त्या वर्षी ठीक राहिले. 'जन्मभर घ्या' हे वाक्य सरसकट सर्वांना सांगण्यास त्यामुळे आधार उरत नाही.

आता ज्या मुद्द्यावर सर्वाधिक घोटाळा होतो, तो. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) चवथीला मूळ घरी गेल्या आणि व्हेन्लाफॅक्सिनच्या गोळ्या शहरातल्या घरी राहिल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने, मान वळवली की डोक्यात विजेसारखी चमक, आणि कारण नसता रडू. घरच्यांनी निदान केले : आजार उलटला, आता ही गोळी कायमची. गोळी पुन्हा सुरू होताच दोन दिवसांत सारे शांत झाले. हे आजाराचे परतणे नव्हते. औषध अचानक तुटल्याची ती प्रतिक्रिया होती. गोळी बंद केल्यापासून काही दिवसांतच त्रास सुरू झाला, पूर्वी आजारात कधी न दिसलेली शारीरिक लक्षणे असली आणि गोळी घेताच ती चटकन ओसरली, तर संशय औषध तुटल्याचा घ्यावा. आजार सहसा आठवड्या-महिन्यांनी, पावलापावलाने येतो. अर्थात काहींना औषध तुटल्याचा त्रासही बराच काळ पुरतो, तेव्हा निवाडा नेहमीच सोपा नसतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत तो अधिक होतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जात असल्याने कमी. याला दारूसारखे व्यसन म्हणणे चूक, पण 'काहीच होत नाही' असे रुग्णाला सांगणेही तितकेच चूक.

औषध उतरवताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी : अर्धा डोस म्हणजे अर्धा परिणाम नव्हे. सिटॅलोप्रामचे 20 मिलिग्रॅम मेंदूतील संबंधित वाहक प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के व्यापतात. डोस पाच-साडेपाचवर आणला तरी सुमारे 60 टक्के व्यापलेलेच असतात. खरी घसरण शेवटच्या लहान टप्प्यांत होते. म्हणून खाली येताना पावले अधिकाधिक लहान आणि थांबे काही आठवड्यांचे हवेत. एक दिवसाआड गोळी घेण्याची आपल्याकडची लाडकी पद्धत लवकर उतरणाऱ्या औषधांना योग्य नाही. त्यात रक्तातील पातळी रोज झोके खाते.

गोळ्यांखेरीजही काही हाती आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'संगाथ' संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकरवी, रुग्णाला पुन्हा दैनंदिन व्यवहारात आणणारी सहा ते आठ सत्रे दिली. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. आणि हा लाभ वर्षानंतरही टिकून होता. ही चाचणी आजार उलटण्याच्या प्रश्नासाठी आखलेली नव्हती, तरी औषध उतरवताना अशा सत्रांची जोड मी आवर्जून देतो.

उतरवण्यास आरंभ करताना रुग्णाकडून त्याच्या आजाराच्या पहिल्या खुणा त्याच्याच शब्दांत लिहून घेतो : पहाटे तीनला जाग येणे, वर्तमानपत्र न उघडणे, फोन न उचलणे. एक प्रत घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे राहते. मुलीचे लग्न, बदली, परीक्षा किंवा बाळंतपण तोंडावर असेल तर आरंभ पुढे ढकलतो. आणि शेवटच्या गोळीनंतरही सहा महिने, महिन्यातून एकदा, पाच मिनिटांसाठी का होईना, भेट ठेवतो.